उंबऱ्यावरचा पैलवान

—न्हाई न्हाई, आप्पा, उठू नगा. बसा हो. मालक घरात न्हाईत म्हनून लगेच निघायचं आसतंय का? जिंतूरला गेलेत, सरकीच्या बियाचं बघायला. येतील. कवाबी येतील, तेच तर हाय. तव्हर चहा घ्या. तुमी पूर्णेहून आलात, एवढ्या उन्हात, गाड्या बदलत — आन् नुसतं पानी पिऊन निघालात तर ह्या घराला लोक काय म्हनतील? आन् तुमी कशाला आलात ते मला कळलंय. नागनाथ पैलवानाची चवकशी करायचीय, तालमीचे अध्यक्ष किशनराव, मंग त्यास्नीच इचारावं — बरोबर हाय तुमचं. बोरीत कुनालाबी इचारा, हेच घर दाखवील. पर ह्या कामाला हे घर चुकीचं हाय, आप्पा. घर न्हाई, मानूस. मालकाला तुमी नागनाथचं नाव काढलं की ते एक शब्द बोलायचे न्हाईत, नुसतं तोंड फिरवून बसतील, आन् तुमी त्येचा काय आर्थ काढायचा तो काढून परत जाल. मागं सेलूचे एकजन असेच आले व्हते. पोरगी नर्स, चांगलं स्थळ. इथंच बसले, मालकानं तोंड फिरवलं, ते उठले, गेले, परत फोन न्हाई का काई न्हाई. तव्हा मी आत चुलीम्होरं व्हते. भाकर थापत ऐकत व्हते सगळं. आज मी भाकरी टाकल्यात आधीच. आज मी बसते. तुमी ऐका.

थांबा जरा — न्हाई, टेंपो हाय. मला वाटलं मालकच आले.

तर नागनाथ. घरचं तर तुमाला मालूमच हाय, तुमच्यातलाच हाय तो, गळ्यात लिंग, आंघोळ-पूजा झाल्याबिगर तोंडात घोट घेत न्हाई. पैलवान आन् मटन न्हाई, अंडं न्हाई! गावातली पोरं हसायची त्याला — म्हनायची, ह्यो तर शेंगदान्यावरचा पैलवान. तो म्हनायचा, म्हस काय मटन खाती का? ढकलून दावा तिला. असा हाय बोलायला. कमीच बोलतो, पर बोलला की बसतंय. बाप लौकर गेला, आई तेवढी हाय, महादेवीकाकू, देवमानूस. त्याचा खुराक ह्या घरातनं व्हायचा. ह्या घरातनं, हां. दूध, तूप, बदाम — मालकाला लय नाद कुस्तीचा, आन् आमाला पोरगा न्हाई, मंग जीव लावला त्याच्यावर. सांजच्याला तालमीतनं आला की तिथं, त्या खांबाला टेकून बसायचा, अंगाला मातीचा वास, आन् मी तांब्याभर दूध द्यायचे. काकू, गरम हाय म्हनायचा. मी म्हनायचे फुंकून पी. एवढा मोठा गडी, फुंकून प्यायचा लेकरावानी. आन् खेळायला उभा र्‍हायला की — आप्पा, तुमच्या पूर्णेच्या जत्रंत तुमी बघितलं आसल त्याला. मानवत म्हना, गंगाखेड म्हना, पार लातूर-नांदेडपस्तोर, जिथं फड लागंल तिथं नागनाथ. त्येच्यावरच त्याचं घर चालतंय. दारू न्हाई, तंबाखू न्हाई, हरला तरी समोरच्याच्या पाया पडून येनार, जितला तरी पाया पडून येनार...

काय म्हनलात?

हं. पिंगळी. आलं म्हना पिंगळीचं तुमच्याबी कानावर. मला वाटलंच व्हतं, तुमी कप हातात धरून बसलात आन् प्यायना झालात, तव्हाच वाटलं. काय सांगितलं लोकांनी? पिंगळीला टेसनाजवळ एक बाई हाय, लग्नाची बाई हाय, लेकरू हाय तिला, आन् पैलवान पिशवी घेऊन तिच्या घरी जातो. असंच ना? मंग ऐका — खोटं न्हाई ते. जातो. — बसा! बसा आप्पा, तुमाला शपथ हाय. जातो एवढं ऐकून उठला तर तुमच्यात आन् त्या सेलूवाल्यात फरक काय र्‍हायला? जातो तर कामून जातो, ते ऐकायला नगं का? तुमची त्रिवेणी त्याच्या घरात द्यायची का न्हाई ते तुमचं तुमी ठरवा. पर आर्धं ऐकून ठरवू नगा. चहा प्या. गार झाला का? दुसरा ठेवते. न्हाई? बरं.

तर ह्या गावात एक पोरगी व्हती. कुनाची ते सोडा. जिंतूरच्या कालेजात जायची, हुशार, फटकळ, जे वाटलं ते तोंडावर बोलनार. आन् एक सुगत म्हनून पोरगा — मालनबाईचा, तिकडं बुद्धविहाराच्या गल्लीत घर त्यांचं. त्याचं मोटारी भरायचं, जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचं दुकान व्हतं हितं चौकात. हिरीतली मोटार जळाली की अख्खी बोरी त्याच्याकडं धावायची, आमची मोटारबी त्यानंच भरली दोन-तीन येळा. हात चांगला पोराचा. मान खाली घालून काम करनार, जास्तीचं बोलनार न्हाई. आता त्या दोघांचं कुठं, कसं जुळलं, ते त्यास्नीच मालूम. आई-बापाला तर शेवटाला कळतंय. एक दिवस पोरगी कालेजात म्हनून गेली आन् परभनीला जाऊन रजिस्टर लगीन करून आली. पळून न्हाई गेली, आप्पा, हे ध्यानात घ्या. लोक पळून जात्यात, पुन्याला, मुंबैला. ही परत आली. गळ्यात हार तसाच, सुगतच्या मागं फटफटीवर बसून, भर दुपारी, चौकातनं, सगळ्याम्होरं, मालनबाईच्या घरात गेली. म्हनली, मी काई चोरी केली न्हाई, मी कामून लपू?

तशीच हाय ती. ल्हानपनापासनं.

मंग काय व्हनार? गाव पेटलं. आन् पोरीचा बाप — त्याला आदी काई सुचना. मंग चार जन आले, दहा जन आले, जो तो येऊन सांगायलाय, किशनराव, हे असंच सोडलं तर उद्या... मंग त्यानं तालमीतल्या पोरास्नी बोलावलं. ह्याच वसरीवर. तुमी बसलात ना — म्हंजे — मालक अध्यक्ष न्हाईत का तालमीचे, म्हनून हितंच बसले सगळे, दुसरं काय. आन् सांगितलं पोरास्नी, घरात घुसा, पोरगी उचलून आना, आन् त्या पोराचे हात असे करा की परत कधी मोटारीची तार गुंडाळता येऊ नये. पोरं खाली बघायली. नागनाथ त्या खांबाला उभा. सगळ्यात मोठा तोच, बाकीची त्याच्याच हाताखाली शिकलेली. मालक म्हनले, नागनाथ, तू म्होरं व्हायचं. तर नागनाथ म्हनला — मी ऐकलंय, ह्या कानानं ऐकलंय — म्हनला, "दादा, कुस्ती सांगा. कुनासंगबी सांगा, हत्तीसंग सांगा. हे सांगू नगा." मालक म्हनले, कुनाचं दूध पिऊन वाढलास? म्हनला, "तुमचंच. म्हनूनच सांगू नगा म्हनलं." आन् मालकानं त्याच्या कानसुलात दिली. सगळ्या पोरांम्होरं. असा आवाज आला — मी दाराआड व्हते, माज्या हातातलं ताट पडलं. नागनाथनं काई केलं न्हाई. वाकला, मालकाच्या पाया पडला, माज्याकडं एकदा बघितलं, आन् चालत गेला. तव्हापासनं त्यानं ह्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवलेला न्हाई.

मालक म्हनले, भेकड निघाला. आन् भेकड कुठं गेला व्हता, म्हाईत हाय?

हे पुढचं मला बालाजीनं सांगितलं. बालाजी म्हंजे माज्या दिराचा पोरगा, तालमीतलाच, मालकाचा सख्खा पुतन्या. मंग नागनाथ न्हाई म्हनल्यावर तोच म्होरं झाला. पाच-सहा पोरं, काठ्या-बिठ्या घेऊन मालनबाईच्या गल्लीत शिरली. बघतात तर दारात नागनाथ. मालनबाईच्या वट्ट्यावर बसून भाकर-ठेचा खायलाय. ह्यास्नी बघितलं, हात धुतले, सदरा काढला, घडी घालून मालनबाईकडं दिला. पोरास्नी वाटलं आता शड्डू ठोकतो. दोघं तर मागं सरली. आन् ह्यानं काय केलं? — आप्पा, तुमी कुस्ती बघता, तुमाला म्हाईत आसल. पैलवान खाली गेला, वरचा पाठीवर आला, तर तो काय करतो? पालथा पडतो, हातपाय फाकतो, माती धरून बसतो. जमीन धरली म्हनत्यात. मंग वरच्यानं किती बी जोर लावू दे, पाठ मातीला लागली न्हाई तवर हार न्हाई. तसं, अगदी तसं, हा गडी मालनबाईच्या उंबऱ्यावर आडवा पालथा पडला. दोन्ही हातांनी चौकट धरली. ते बुटकं दार, अंगानं सगळं भरून गेलं. म्हनला, "जावा आत. माज्या पाठीवर पाय देऊन जावा."

आता सांगा, जातील का? ज्यानं लंगोट बांधायला शिकवलं, माती कपाळाला लावायला शिकवलं, त्याच्या पाठीवर पाय देतील का पोरं? न्हाई दिला. वढलं त्याला. पाय धरून वढलं, हात सोडवायला बघितलं — हलंना. गल्लीच्या तोंडाला गाव जमलेलं, आन् मालक तिथंच लिंबाखाली उभे. मागनं वरडायलेत, हाना, हाना. मंग कुनीतरी पहिली काठी घातली. मंग दुसरी. पाठीवर, खांद्यावर. हा आवाज न्हाई काढत. बालाजी सांगत व्हता — काकी, मीबी मारल्यात म्हनला, खोटं कामून बोलू — आन् मारता मारता खालनं नागनाथचा आवाज आला, "बालाजी, डाव्या पायावर जोर घेऊ नगंस. गुडघा जाईल तुजा." बालाजीचा गुडघा दुखावला व्हता ना मानवतच्या फडात, हाच लेप लावायचा रोज त्याला. बालाजी म्हनला, काकी, मला काय झालं कळलंच न्हाई, काठी हातातनं गळली. तिथंच त्याच्या डोस्क्यापाशी बसला, आन् रडायला लागला, मोठ्यानं, बाईमान्सावानी. मंग एकेकानं काठी टाकली. आन् आत माजी पोरगी भिताडाला टेकून उभी, तिला सगळं ऐकू यायलंय, धप्प धप्प, आन् ती आतनं म्हनायलीय, नागनाथदादा सोड, मी जाते त्यांच्यासंग, तू मरशील...

...

बोलले का मी? माजी म्हनले का?

म्हनले. बरं. तुमाला तर कवाच कळलं आसल, तुमी काय दुधखुळे न्हाईत. हां, माजीच. प्रियांका. एकुलती. तिचा बाप म्हंजे — आता काय सांगायचं त्यात. ह्या घरात तिचं नाव घेतलेलं न्हाई कुनी, तव्हापासनं. मालकानं तिचे फोटो काढले भितीवरचे, ते बघा, खिळे तेवढे र्‍हायलेत. गेली म्हनले, ती आपल्याला गेली, आन् जेवायला बसले. जेवले न्हाईत, नुसते बसले. त्या दिवशी लिंबाखालनं आले ते असे आले की जनू त्यांनाच हानलंय कुनी. मानूस वाईट न्हाई हो. पर मानसाला एकदा वाटलं, आता परत फिरलो तर गाव हसंल, की मंग तो फिरत न्हाई. नागनाथचं नाव निघालं की तोंड फिरवतात ते त्याचा राग म्हनून न्हाई. मला तरी तसं वाटत न्हाई.

खांदा मोडला नागनाथचा. त्या वर्षी हंगाम गेला. डाक्टर म्हनला कुस्ती सोडा. सोडून खातो काय? दुसऱ्या साली तुमच्याच पूर्णेच्या जत्रंत उतरला, लातूरकडचा एक नावाजलेला गडी समोर. लोक म्हनायले, आता ह्याचा खांदा धरनार आन् झोपवनार. तर त्या गड्यानं पूर्न कुस्तीत त्या हाताला हात लावला न्हाई. एकदाबी न्हाई. लय येळ चालली, हलगी वाजून वाजून थकली, शेवटाला बरोबरीत सोडवली. बालाजीनं नंतर त्या लातूरच्या गड्याला इचारलं, धरला कामून न्हाई? म्हनला, तो खांदा कशानं मोडलाय ते आमच्याकडंबी म्हाईत हाय. बघा. आमच्या बोरीचं लातूरला म्हाईत, आन् तुमच्या पूर्णेला पोचलं तर काय पोचलं? पिंगळीची बाई!

— गप्प! फटफटी हाय का? ... न्हाई. गेली म्होरं. शेजारच्यांची.

हां, पिंगळी. सांगते की. ती दोघं बोरीत कशी र्‍हानार? सुगतनं दुकान उचललं, पिंगळीला टेसनाजवळ मांडलं. बरं चाललंय. मालनबाईबी तिथंच. आन् मला लेकरू झाल्याचं कळलं तेबी नागनाथकडनंच. सोमवारी मी म्हादेवाला जाते, तेवढं जायला मोकळीक हाय मला. तिथं पायरीवर तो उभा. काकू, नात झाली म्हनला. नुसतं एवढंच, आन् फोनमधला फोटो म्होरं धरला. माज्याकडं कुठला फोन? एक हाय तो मालकाच्या खिशात. मी तिथंच देवळात खाली बसले. तव्हापासनं असंच चाललंय. मी शेवया करते, पापड करते, डिंकाचे लाडू केले, पिशवी देवळात ठेवायची, तो घेऊन जायचा. दात आला की सांगायचा, चालायली की सांगायचा. त्याचा कान फुटलेला हाय ना, पैलवानाचा आसतो तसा, गोळ्यावानी — ती पोरगी म्हनं मांडीवर बसून तोच कान वढती. हे सांगताना असा हासतो. एकदा मला घेऊनबी गेला. डोळ्याला दिसंना, परभनीला दवाखान्यात जायचं म्हनून निघाले, आन् पिंगळीला उतरले. प्रियांकानं दार उघडलं. म्हनली, आई, किती वाळलीस. मी म्हनलं, तू जाड झालीस. बास. मंग पोरगी झोपलेली व्हती, ती उठंपस्तोर मी तिच्याकडं बघत बसले.

तर ती बाई ती. लग्नाची बाई, लेकरू आसलेली. माजी लेक. आन् पिशवी माजी.

आता तुमी म्हनाल, मंग पैलवान सरळ सांगत कामून न्हाई? हेच मी म्हनले त्याला. त्या सेलूवाल्यानं हितनं उठल्यावर त्याला गाठून तोंडावर इचारलं व्हतं, पिंगळीला जाता का? हा म्हनला, जातो. कामून जाता? म्हनला, ते मला सांगता येत न्हाई. एवढंच! मोडलं लगीन. महादेवीकाकू रडल्या, मीबी भांडले देवळात, म्हनलं, आरं मुक्या, सांगून टाक की, किशनरावाची लेक हाय म्हनून. तर म्हनला, "काकू, मी सांगितलं की दुसऱ्या दिशी दादांच्या कानावर येतं. मला काय व्हनार? काई न्हाई. तुमाला त्याच घरात र्‍हायचंय." मी म्हनलं, मंग तू जाऊ नगंस पिंगळीला. तर म्हनला, "मंग तुमाला दात आल्याचं कोन सांगनार?"

मंग सोमवारी परत पिशवी भरली मी.

म्हनून आज तुमी दारात उभे र्‍हायलात, नागनाथचं नाव घेतलं, आन् मालक घरात न्हाईत — मी म्हनलं, हा योग हाय. हे तुमी कुनाला सांगा, न्हाई सांगा. पर त्रिवेणीला सांगा. तिला कळू द्या, कुनाच्या घरात जायलीय. आन् पिंगळीचं तुमी बघून या सोता, परतीच्या वाटंवरच हाय तुमच्या, टेसनाच्या भाइर, मोटारीचं दुकान कुनीबी दाखवंल. प्रियांकाला म्हना, आईनं... न्हाई, काई म्हनू नगा. नुसतं बघा. आन् तालमीत जाऊन पोरं बघा. ही मालकाची तालीम बंद पडलीय, कुलूप गंजलंय त्याला. एकेक पोरगं गेलं. नागनाथनं म्हादेवाच्या मागं पत्र्याचं शेड हाय, तिथं माती टाकली, आन् सगळी तिकडं. बालाजीबी तिकडंच. ज्यांनी मारलं तीच पोरं आज त्याच्या मागं उभी हायत, आन् गावात आता कुनीबी म्हनलं ना, तालमीतली पोरं बोलवा, आमक्याला धमकवायचंय — एक येत न्हाई. एकबी न्हाई.

आली. आप्पा, ही आली फटफटी. हीच. हा आवाज मी झोपेतबी वळखते. उठा. पिशवी घ्या. मागल्या दारानं जावा, गोठ्याकडनं वाट हाय, तिकडनं सरळ म्हादेवाला निघता तुमी. कप र्‍हाऊ द्या. वहाना तिकडं न्हाईत, पुढं हायत ना — आनते मी, तुमी चला म्होरं — चला हो —

थांबा.

न्हाई, थांबा. बसा तुमी. मागल्या दारानं कामून जायाचं? तुमी काई चोरी केलीय का? मी केलीय का? बसा त्या खुर्चीवर. पदर नीट करते आन् मीबी बसते.

या. आलात? लय उशीर केला. पानी देते — न्हाई, आदी ऐका, पानी मंग. हे पूर्णेचे शिवकांत आप्पा. रेल्वेत व्हते. आपल्या नागनाथला पोरगी द्यायचीय त्यास्नी, चवकशी करायला आलेत. हां, नागनाथच म्हनले मी. तोंड फिरवू नगा. आज न्हाई. मी सांगितलंय त्यास्नी सगळं. लिंबाखालचंबी सांगितलं. आन् पिंगळीचंबी. ... पिंगळीचं काय? पिंगळीला आपली प्रियांका र्‍हाती, तिला पोरगी हाय, चालती, बोलती, नागनाथला मामा म्हनती. मी पिशव्या पाठवते. मी जाऊन आले. डोळ्याला काई झालं न्हवतं माज्या.

काय बघायलात असं माज्याकडं? बोलवायचंय का कुनाला? बोलवा. कोन येतंय ते बघू.

आप्पा — काय? काय म्हनलात तुमी? परत म्हना. त्यास्नी ऐकू जाऊ द्या, मोठ्यानं म्हना. ... ऐकलंत का मालक? आप्पा म्हनायलेत, त्रिवेणी दिली. पिंगळीला जायची गरज न्हाई म्हनायलेत. दिली.

अहो... बसा. तिथं न्हाई, खाली न्हाई, खाटेवर बसा. धरू का? बरं, बसा तिथंच. मी हाय हितंच.

आप्पा, तुमी निघा आता. वाईट वाटून घेऊ नगा, हाकलत न्हाई मी. नागनाथ ह्या वक्ताला शेडातच आसतो, माती खालीवर करत. त्याला सोता जाऊन सांगा. दार तेवढं वढून घ्या जाताना. पुढचं आमच्या घरातलं हाय.